ग्रीन बॅन : सिडनीच्या बांधकाम मजुरांनी रान आणि नदीकाठ कसा वाचवला

झाडे तोडायची, टेकडी खोदायची, ओढा बुजवायचा हा निर्णय मंत्र्याच्या दालनात किंवा बिल्डरच्या ऑफिसात होतो. प्रत्यक्ष काम मात्र मजूर करतात. या मजुरांनीच "हे काम आम्ही करणार नाही" असे ठरवले तर काय होईल? ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात १९७१ नंतरची चार वर्षे हे घडत होते. बांधकाम मजुरांच्या एका युनियनने चाळीसहून अधिक प्रकल्पांवर काम करायला नकार दिला. त्यातून नदीकाठचे रान, सार्वजनिक बागा आणि गरिबांच्या जुन्या वस्त्या वाचल्या. या नकाराला 'ग्रीन बॅन' हे नाव पडले.

आपल्या वस्त्यांमध्ये पर्यावरणाच्या चळवळीबद्दल एक शंका नेहमी ऐकू येते. ही खात्यापित्या लोकांची चळवळ आहे, त्यांना हिरवळ हवी म्हणून आमच्या झोपड्या हलवल्या जातात, असे लोक म्हणतात. ही शंका निराधार नाही. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील झोपड्या हटवण्याचा आदेश उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला, तो एका पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर. म्हणूनच ग्रीन बॅनचा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असायला हवा. रान वाचवण्याचा आणि गरिबाचे घर वाचवण्याचा लढा तिथे एकाच संघटनेने, एकाच हत्याराने लढवला.

ग्रीन बॅन म्हणजे काय?

एखाद्या मालकाच्या किंवा कंपनीच्या कामावर युनियनने बहिष्कार घातला की ऑस्ट्रेलियात त्याला पूर्वीपासून 'ब्लॅक बॅन' म्हणत. असा बहिष्कार बहुधा पगार, कामाचे तास किंवा सुरक्षेच्या प्रश्नावर असे. सिडनीच्या मजुरांनी हेच हत्यार वेगळ्या कारणासाठी वापरले. मागणी पगाराची नव्हती. हे बांधकाम समाजाच्या हिताचे नाही, म्हणून आम्ही त्याला हात लावणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. युनियनचे सचिव जॅक मंडी यांनी अशा बहिष्काराला 'ब्लॅक' ऐवजी 'ग्रीन' म्हणायला सुरुवात केली.

ही युनियन म्हणजे बिल्डर्स लेबरर्स फेडरेशनची न्यू साउथ वेल्स राज्याची शाखा. तिचे सदस्य आपल्या भाषेत बिगारी : खोदकाम करणारे, काँक्रीट ओतणारे, परांची बांधणारे, जुन्या इमारती पाडणारे. सुतार, प्लंबर यांसारख्या कुशल कारागिरांच्या युनियन वेगळ्या होत्या आणि त्यांच्या तुलनेत या मजुरांची पत कमी मानली जाई. पण पाडकाम आणि खोदकाम त्यांच्याच हातात होते. त्यांनी काम सुरू केले नाही तर पुढचे कोणाचेच काम सुरू होत नसे.

केलीज बुश : नदीकाठचे रान

पहिला ग्रीन बॅन केलीज बुश या ठिकाणी लागला. ऑस्ट्रेलियात स्थानिक झाडाझुडपांच्या नैसर्गिक रानाला 'बुश' म्हणतात. सिडनीच्या हंटर्स हिल भागात पॅरामाटा नदीच्या काठावर उतरणाऱ्या खडकाळ उतारावर सुमारे १२ एकरांचे असे रान शिल्लक होते. हा प्रदेश मूळचा वॉलुमेडेगल या आदिवासी समूहाचा. वसाहतीच्या काळात तिथे केली नावाच्या मालकाचा कथील वितळवण्याचा कारखाना आला. कारखाना आणि घरे यांच्यामध्ये मोकळी जागा म्हणून हे रान राहून गेले. नदीच्या दोन्ही काठांवर शहर पसरत गेले आणि असा तुकडा दुर्मीळ झाला.

नदीकाठच्या उतारावरच्या रानाचे काम साधे पण मोठे असते. पावसाचे पाणी झाडांच्या मुळांशी आणि पालापाचोळ्यात अडते, जमिनीत मुरते आणि हळूहळू नदीत उतरते. तिथे काँक्रीट आले की तेच पाणी माती, तेल आणि कचरा घेऊन थेट नदीत कोसळते. काठ मोकळा असेल तर तो सर्वांचा असतो. बंगले उभे राहिले की नदी दिसते ती फक्त बंगलेवाल्यांना.

कारखाना हलवण्याचे ठरल्यावर ए. व्ही. जेनिंग्स या मोठ्या बांधकाम कंपनीने इथे महागडी घरे बांधायचे ठरवले. १९७० च्या सप्टेंबरमध्ये परिसरातील १३ महिलांनी एकत्र येऊन 'बॅटलर्स फॉर केलीज बुश' हा गट स्थापन केला. त्यांनी पत्रे लिहिली, सह्या गोळा केल्या, नगरपालिकेचे, आमदारांचे, मंत्र्यांचे उंबरठे झिजवले. तरीही १९७१ मध्ये राज्य सरकारने जमिनीचा वापर बदलून घरे बांधायला वाट मोकळी केली. अर्ज-विनंत्यांचे सगळे मार्ग संपले होते. तेव्हा या महिलांनी कामगार युनियनकडे मदत मागितली.

ही गोष्ट सोपी नव्हती. हंटर्स हिल हा सुखवस्तू लोकांचा भाग. या महिला मध्यम व उच्च मध्यमवर्गीय गृहिणी. युनियनचे नेते कम्युनिस्ट आणि डावे. एरवी या दोन गटांची भेट होण्याचे काहीच कारण नव्हते. युनियनमध्येही प्रश्न निघाला की श्रीमंतांच्या वस्तीतल्या रानासाठी आपण आपले काम का सोडायचे? नदीकाठचे रान फक्त तिथे राहणाऱ्यांचे नसून सगळ्या शहराचे आहे, या मुद्द्यावर मजूर राजी झाले.

युनियनची अट

युनियनने लगेच होकार दिला नाही. तिने महिलांना सांगितले की आधी जाहीर सभा घ्या आणि परिसरातील लोकांना खरोखर हे हवे आहे का ते दाखवा. सभेला सुमारे ६०० लोक आले आणि त्यांनी युनियनला बंदी घालण्याची औपचारिक विनंती केली. त्यानंतर जून १९७१ मध्ये बंदी जाहीर झाली.

कंपनीने युनियनबाहेरचे मजूर आणून काम करण्याची तयारी दाखवली. तेव्हा याच कंपनीच्या नॉर्थ सिडनीतील एका अर्धवट इमारतीवर काम करणाऱ्या मजुरांनी सभा घेऊन कळवले : केलीज बुशमधले एक झाड जरी पडले, तरी ही इमारत कायमची अर्धवट राहील. कंपनी थांबली.

पुढे या पद्धतीचा नियमच झाला. त्याचे तीन टप्पे होते.

पहिला, मागणी स्थानिक रहिवाशांकडून यायला हवी. युनियन स्वतःहून कुठे जाऊन बंदी घालत नसे.

दुसरा, रहिवाशांनी जाहीर सभा घेऊन बहुमत दाखवायला हवे. दोन-चार प्रतिष्ठितांचे पत्र पुरत नसे.

तिसरा, निर्णय मजुरांच्या सभेत व्हायला हवा. रोजी त्यांची बुडणार, म्हणून मत त्यांचे.

या नियमांमुळे पुढाऱ्यांच्या मर्जीवर चळवळ चालली नाही. सरकार आणि बिल्डर "मूठभर लाल बावटेवाले शहराला वेठीस धरतात" असा प्रचार करत होते, तेव्हा प्रत्येक बंदीमागे लोकांची सभा आणि ठराव आहे हे दाखवता आले.

बिगाऱ्यांची युनियन एवढी भक्कम कशी झाली?

जॅक मंडी १९६८ मध्ये युनियनचे सचिव झाले. बॉब प्रिंगल अध्यक्ष होते. मंडींनंतर जो ओवेन्स सचिव झाले. त्या काळात युनियनचे सुमारे ११ हजार सदस्य होते आणि त्यांत युरोपातून नुकतेच आलेले, इंग्रजी न येणारे अनेक स्थलांतरित मजूर होते. त्यांच्यासाठी सभांमध्ये दुभाषे ठेवले जात. १९७० मध्ये पाच आठवड्यांचा मोठा संप करून युनियनने मजुरीचा प्रश्न सोडवला होता. साइटवर संडास, हात धुण्याची जागा, सुरक्षा यांसाठी ती सतत भांडत होती. मजुरांनी ग्रीन बॅनला साथ दिली, कारण हीच युनियन त्यांच्या रोजच्या प्रश्नांवर आधीपासून उभी होती.

पदाधिकाऱ्यांसाठीही नियम होते. त्यांचा पगार मजुराच्या पगाराएवढा. संप असेल तेव्हा त्यांनाही पगार नाही. आणि पदावर राहण्याची मुदत ठरलेली. मुदत संपल्यावर मंडी १९७३ मध्ये सचिवपदावरून खाली उतरले. आपल्याकडच्या अनेक संघटनांमध्ये अध्यक्ष वीस-वीस वर्षे बदलत नाही, हे लक्षात घेतले तर या नियमाचे महत्त्व कळते.

या युनियनने महिलांना बांधकामाच्या कामावर घ्यायला लावले. एका समलैंगिक विद्यार्थ्याला वसतिगृहातून काढल्यावर मॅक्वारी विद्यापीठातील बांधकाम १९७३ मध्ये थांबवले. कामगाराची लढाई फक्त पगारापुरती नाही, ही समज त्यामागे होती.

झाडांबरोबर वस्त्याही

केलीज बुशनंतर ठिकठिकाणचे रहिवासी युनियनकडे येऊ लागले. सेंटेनियल पार्क या मोठ्या सार्वजनिक उद्यानात ऑलिंपिकसाठी स्टेडियम बांधण्याची योजना होती, ती अडली. ऑपेरा हाउसच्या वाहनतळासाठी शेजारच्या वनस्पती उद्यानातील जुनी वडवर्गीय झाडे जाणार होती, ती वाचली. कामगार वस्त्यांच्या मधून जाणाऱ्या एक्स्प्रेस-वेच्या कामावरही बंदी आली.

'द रॉक्स' हा बंदराजवळचा जुना भाग. तिथे पिढ्यान्‌पिढ्या गोदी कामगारांची कुटुंबे राहत होती. सरकारला ती घरे पाडून उंच ऑफिस इमारती बांधायच्या होत्या. नीटा मॅक्रे या तिथल्याच रहिवासी महिलेच्या पुढाकाराने लोक संघटित झाले आणि युनियनने बंदी घातली. ऑक्टोबर १९७३ मध्ये युनियनबाहेरचे मजूर आणून पाडकाम सुरू केल्यावर मोठा संघर्ष झाला. पोलिसांनी मंडींसह अनेकांना अटक केली. आज द रॉक्समध्ये पर्यटक जुनी दगडी घरे पाहायला येतात.

वुलुमुलू या बंदरालगतच्या कामगार वस्तीवरही उंच इमारतींचा डाव होता. तिथली बंदी १९७५ पर्यंत टिकली. शेवटी केंद्र, राज्य आणि महापालिका यांच्यात करार होऊन कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी सरकारी घरे बांधली गेली.

रेडफर्नमधील उदाहरण आपल्याला विशेष जवळचे वाटेल. या भागात आदिवासी कुटुंबे भाड्याने किंवा रिकाम्या घरांत राहत होती आणि घरमालक व पोलीस त्यांना हुसकावत होते. युनियनने आदिवासींच्या बाजूने उभे राहून तिथले काम रोखले. १९७३ मध्ये केंद्र सरकारने अनुदान दिले आणि ती घरे 'अबोरिजिनल हाउसिंग कंपनी' या आदिवासींच्याच संस्थेला विकत घेता आली.

रोजगाराचे काय?

प्रत्येक आंदोलनात हा प्रश्न येतो : प्रकल्प अडवला तर मजुराच्या पोटाचे काय? सिडनीतही वर्तमानपत्रे रोज हेच विचारत होती. त्या काळच्या अंदाजानुसार सुमारे तीन अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचे प्रकल्प या बंद्यांमुळे अडकले होते.

युनियनचे उत्तर असे होते की आम्ही बांधकामाच्या विरोधात नाही. शहराला दवाखाने, शाळा, बालवाड्या आणि गरिबांना परवडणारी घरे हवी आहेत. ती बांधा, आम्ही लगेच कामाला येतो. तुम्ही मात्र रिकाम्या राहणाऱ्या ऑफिस इमारती बांधता, कारण नफा त्यात आहे. मजुराला चांगला पगार मिळाला, पण त्याच्या मुलांना खेळायला जागा नाही, श्वासाला हवा नाही आणि शहरात राहायला घर नाही, तर त्या पगाराचा उपयोग काय, असा मंडींचा मुद्दा होता.

हे जमले त्याला एक परिस्थितीही कारणीभूत होती. १९७० च्या सुरुवातीला सिडनीत बांधकामाची तेजी होती. एक साइट बंद पडली तर मजुराला दुसरीकडे काम मिळत होते. १९७४ मध्ये मंदी आली आणि ही ताकद कमी झाली.

काम नाकारण्याचा हक्क हा विषय आपल्या चळवळीला नवा नाही. १९३८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात औद्योगिक तंट्यांचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला कडाडून विरोध केला. मनाविरुद्ध काम करायला लावणे म्हणजे गुलामगिरी आणि संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग, अशी मांडणी त्यांनी केली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी या विधेयकाविरुद्ध झालेल्या एक दिवसाच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आघाडीवर होता. सिडनीच्या मजुरांनी हाच हक्क पुढे नेला. किती मजुरीवर काम करायचे याबरोबर कोणते काम करायचे, यातही मजुराला मत आहे, असे ते म्हणाले.

दडपशाही आणि शेवट

एवढा पैसा अडकल्यावर प्रत्युत्तर येणारच होते. किंग्स क्रॉस भागातील व्हिक्टोरिया स्ट्रीटवर भाडेकरूंना १९७३ मध्ये गुंड घालून हाकलण्यात आले. तिथल्या आंदोलनाच्या बाजूने लिहिणाऱ्या स्थानिक वृत्तपत्राच्या प्रकाशक वॉनिटा नील्सन ४ जुलै १९७५ रोजी बेपत्ता झाल्या. त्यांचा मृतदेह आजपर्यंत सापडलेला नाही आणि खुनासाठी कोणालाही शिक्षा झालेली नाही.

युनियनवर घाव आतून पडला. मालकांच्या संघटनेच्या प्रयत्नाने १९७४ मध्ये फेडरेशनची नोंदणी रद्द झाली. त्यानंतर फेडरेशनचे राष्ट्रीय सचिव नॉर्म गॅलाघर यांनी मालकांच्या पाठिंब्याने सिडनीची शाखा ताब्यात घ्यायला सुरुवात केली. गॅलाघर यांच्या शाखेचे कार्ड नसेल तर साइटवर काम मिळेनासे झाले. मंदीच्या काळात मजूर किती दिवस तग धरणार? मार्च १९७५ मध्ये जुन्या नेतृत्वाने माघार घेतली. मंडी, ओवेन्स, प्रिंगल यांना युनियनमधून काढून टाकण्यात आले आणि बहुतेक बंद्या उठल्या. हेच गॅलाघर पुढे १९८० च्या दशकात बांधकाम कंपन्यांकडून लाच घेतल्याबद्दल तुरुंगात गेले.

काय उरले?

केलीज बुशवर घरे झाली नाहीत. १९८३ मध्ये राज्य सरकारने ती जमीन घेऊन सार्वजनिक राखीव रान म्हणून खुली केली.

दुसरा परिणाम कायद्यात दिसतो. न्यू साउथ वेल्समध्ये १९७७ मध्ये वारसा संरक्षणाचा कायदा आला. १९७९ मध्ये नियोजन आणि पर्यावरणाचा नवा कायदा झाला. प्रकल्पाबद्दल लोकांना कळवणे आणि त्यांच्या हरकती घेणे त्यात बंधनकारक झाले आणि कायदा मोडला तर कोणत्याही नागरिकाला न्यायालयात जाता येऊ लागले. त्यासाठी जमीन व पर्यावरणाचे स्वतंत्र न्यायालय १९८० मध्ये सुरू झाले. जे मजुरांनी साइटवर मिळवले होते, त्यातले काही असे कागदावर आले.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. काठावरचे एक रान वाचल्याने नदी वाचत नाही. पॅरामाटा नदीच्या वरच्या भागात ऱ्होड्स येथे युनियन कार्बाइडचा रासायनिक कारखाना होता. भोपाळमुळे आपल्याला माहीत असलेली हीच ती कंपनी. या कारखान्याच्या डायॉक्सिनने नदीचा गाळ इतका दूषित झाला की २००६ मध्ये सिडनी बंदरातील व्यावसायिक मासेमारी बंद करावी लागली. वाचलेल्या वस्त्यांमध्येही पुढे भाडी आणि किमती वाढल्या. द रॉक्सच्या शेजारच्या मिलर्स पॉइंटमधील सरकारी घरे २०१४ नंतर राज्य सरकारने विकायला काढली आणि जुन्या भाडेकरूंना जावे लागले. बंदी वेळ मिळवून देते. त्या वेळात घराचा आणि जमिनीचा हक्क पक्का झाला नाही, तर पुढचे सरकार तो हिरावून घेऊ शकते.

आपल्या कामासाठी

महाराष्ट्रात हा प्रयोग जसाच्या तसा होणार नाही. आपला बांधकाम मजूर नाक्यावर उभा राहतो, मुकादम बदलला की साइट बदलते. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला मिळवून कल्याणकारी मंडळात नाव नोंदवण्यासाठीच त्याला चकरा माराव्या लागतात. अशा मजुराला "झाडासाठी आजची मजुरी सोड" असे सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. आधी त्याच्या मजुरीसाठी आणि नोंदणीसाठी त्याच्या सोबत उभे राहावे लागेल. सिडनीतही क्रम तोच होता.

पण न्यायालयावर सगळी भिस्त ठेवून काय होते तेही आपण पाहिले आहे. आरेमधील झाडांबाबतच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला स्थगिती दिली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. कागद न्यायालयात पोचण्याआधी करवत झाडापर्यंत पोचते. ही करवत चालवणारे हात बहुतेकदा आपल्यासारख्याच वस्त्यांमधून येतात.

म्हणून आपल्या भागातला ओढा, तलाव, गायरान किंवा टेकडी वाचवण्याचे काम हाती घेताना काही प्रश्न सुरुवातीलाच विचारावेत. ही मागणी तिथे राहणाऱ्या लोकांची आहे का, आणि त्यासाठी वस्तीची सभा किंवा ग्रामसभा झाली आहे का? त्या जागेवर किंवा काठावर राहणाऱ्या कुटुंबांच्या घराचा हक्क आपल्या मागणीपत्रात लिहिला आहे का? तिथे काम करणाऱ्या मजुरांशी कोणी बोलले आहे का? प्रकल्पाऐवजी तिथे किंवा दुसरीकडे काय बांधावे, हे आपण सांगतो आहोत का? आणि आपल्या समितीचे पदाधिकारी किती वर्षांनी बदलतात?

या प्रश्नांची उत्तरे तयार असतील, तर आंदोलनाला "विकासविरोधी" किंवा "मूठभर लोकांचे" म्हणणे कठीण जाते. केलीज बुशच्या महिलांनी अर्ज-विनंत्यांत महिने घालवले आणि मग मजुरांकडे गेल्या. आपण नाक्यावर पहिल्याच आठवड्यात जाऊ शकतो.